हरिचंद्रांचे खिळे

ही हकीकत ऐकीव नव्हे. गेल्या श्रावणातल्या एका सोमवारी, भर दुपारी, बदलापूरच्या मांजर्लीत ती घडली.

हरिचंद्र म्हणजे अंबरनाथच्या एका छापखान्यातले जुळारी. शिशाचे एकेक अक्षर, म्हणजे खिळा, हाताने जुळवून त्यांनी चाळीस वर्षे मजकूर उभा केला. एखादा खिळा तुटला तरी ते तो भट्टीत जाऊ देत नसत. उल्हास नदीत विसर्जित करीत.

ते गेले, आणि पत्नी कमळाबाईंची स्मृती विझू लागली. पोटची मुलगी रिद्धी त्यांना परकी झाली. मात्र पतीने छापलेली जुनी लग्नपत्रिका हाती दिली की त्या घडाघडा वाचीत.

तेवढ्याच आशेवर रिद्धीने वडिलांनी घरी खोक्यांत जपून ठेवलेल्या खिळ्यांचे ठसे घेऊन संगणकावर फॉन्ट घडवायला घेतला. वडिलांच्या अक्षरांत आपले नाव वाचून आई एकदा तरी हाक मारील...

आठ महिन्यांनी फॉन्ट पुरा झाला. आता अक्षरे संगणकात सुरक्षित आहेत, पुराच्या पाण्यात ही जड खोकी कशाला सांभाळायची, असे म्हणून तिने सारे खिळे उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या भंगारवाल्याकडे वितळवायला दिले.

"दीदी, आपका भंगार तो पढ़ा-लिखा है," तो हसून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, त्या सोमवारी, तिने कागद छापायला घेतला. 'आई, मी तुझी रिद्धी.'

कागदावर उमटले... 'आई, मी तुझी'

पुढे कोरे.

पडद्यावर नाव स्पष्ट होते. तिने पुन्हा छापले. पुन्हा कोरे.

आणि शेजारच्या रिकाम्या खोलीतून आवाज आला... टक्... टक्... जुळाऱ्याच्या पट्टीत एकेक खिळा बसावा तसा.

मग तोही थांबला.

खाटेवर बसलेल्या कमळाबाईंनी डोक्यावर पदर घेतला. त्या रिद्धीच्या मागे पाहत होत्या.

"अवो, ही पोर कोनाची?"

त्यांनी ऐकून घेतले. मान डोलावली.

"बाय, हे सांगतात, आमाला पोर झालाच नाय."

मागे वळून पाहण्याचे धैर्य रिद्धीला झाले नाही. तिने आईचे पाय धरले. "आई, विचार ना गं बाबांना... मग मी कोण?"

कमळाबाईंनी विचारले. या वेळी त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. चेहरा पांढराफटक पडला.

त्यांनी पाय हळूच सोडवून पोटाशी घेतले, आणि त्या भिंतीकडे सरकल्या.

रिद्धी तशीच कॅम्प तीनला धावली. शिसे वितळून गेले होते.

आता वर्ष होत आले. रिद्धीच्या हातचे पाणी कमळाबाई घेत नाहीत. शेजारची सखू येऊन पाजते. रोज तिच्या कानाशी लागून त्या एकच सांगतात...

त्या पोरीला घरात घेऊ नको.