डॉक्टरीणबाईंच्या गाडीतला आवाज

"ऐकीव असतं तर सांगितलं नसतं. सख्ख्या मावसभावाची गोष्ट आहे," काका म्हणाले. अंगणातला दिवा कुणीतरी आधीच घालवला होता.

हा मावसभाऊ गॅरेजात धाकटा मिस्त्री. मोठा मिस्त्री वारला तेव्हा गॅरेज त्याच्याकडे आलं, आणि वर्षभरानं मोठ्याची बायकोही. रीतसर लग्न करून. दहा वर्षं तिला 'वहिनी' म्हटलेलं, जीभ अजून घसरायची. पण त्याचं दुखणं वेगळंच होतं. ती 'हे' म्हणाली, की ते मोठ्याबद्दल असायचं. 'ह्यांना असला चहा चालायचा नाही.' 'हे असते तर...' जिवंत नवरा समोर बसलेला, आणि 'हे' म्हणजे फोटोतला.

अकरा नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंची गाडी आली. चाळीसच्या पुढे गेली की घुंऽऽ असा आवाज. सकाळी सहाला त्यांना लांब जायचं होतं. बाई हसत म्हणाल्या, "मोठ्यांनी बसल्या बसल्या चाक सांगितलं असतं. बघ तुला जमतंय का. नाहीतर दुसरीकडे नेते."

घरीही तेच. ताट वाढता वाढता बायको म्हणाली, "ह्यांच्या कानाला लगेच कळलं असतं."

तो भरल्या ताटावरून उठला. "आज मीच सांगतो तुझ्या ह्यांना, कुठलं चाक ते!"

रात्री अकरा वाजून दहा मिनिटं. रिकामा हमरस्ता. गाडीत एकटाच. त्यानं पन्नासला नेऊन गिअर काढला, गाडी नुसती सोडून दिली. आवाज तसाच. म्हणजे इंजिनाचा दोष नाही, चाकच आहे. स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे देऊन पाहिलं. आवाज काही केल्या एका बाजूला जाईना.

"म्हणजे कसं, काका?" एका पोरीनं विचारलं.

"अगं, वळताना ज्या बाजूला वजन पडतं, तिथलं बेअरिंग खराब असेल तर जास्त ओरडतं. पूर्वी मावसभाऊ गाडी चालवायचा आणि मोठा मागे कान लावून बसायचा. ह्यानं 'कुठं?' विचारायचं. ऐकताना मोठा बोलत नसे, पुढच्या सीटच्या पाठीवर बोटानं ठोकायचा. एकदा म्हणजे डावं, दोनदा म्हणजे उजवं. दहा वर्षांची सवय ती... त्या रात्रीही ह्याच्या तोंडून आपसूक गेलं. 'कुठं?'"

काका थांबले. 

टक. टक.

पाठीत. बरोबर खांद्यांच्या मधे.

त्यानं आरशात पाहिलं नाही. हात कसेबसे, मघापेक्षा जास्त, डावीकडे वळवले, वजन उजवीकडे पडलं... आणि आवाज वाढला. उजवंच होतं.

भीती वाटायला हवी होती. पण आधी अंगाची आग झाली. मेल्यावरसुद्धा हाच बरोबर!

त्यानं करकचून ब्रेक मारला. मान न वळवता ओरडला, "गॅरेज माझं आहे. घर माझं आहे. ती... ती पण माझी आहे. उतर खाली!"



मग मागचं दार उघडलं. हळूच. गाडी किंचित वर उचलल्यासारखी झाली. दार लागलं.

घर तिथून दोन किलोमीटर. तो किती वेळ तसाच बसून राहिला, ते त्यालाही सांगता येत नाही. मग सरळ घरी.

दाराला आतून कडी. तिसऱ्या हाकेला बायकोनं उघडलं. डोळ्यांत झोप. चेहऱ्यावर असं समाधान, जे ह्यानं लग्नानंतर एकदाही पाहिलं नव्हतं.

"अहो, चाललंय काय तुमचं? मघाशी आलात, खांद्यावर हात ठेवून किती वेळ बसलात. एक शब्द नाही. बरं वाटलं हो. आणि आता परत बाहेरून?"

"मी..."

तिच्या फिकट गाऊनच्या खांद्यावर चार बोटं उमटली होती. काळ्या ग्रीसची. ओली.

त्यानं आपले हात पाहिले. स्वच्छ. चाक तर अजून उघडलंही नव्हतं.