सहा फुटी कुंपणाआडच्या कोंबड्या

टेक्सासातल्या त्या वसाहतीत गवत इतकं एका मापाचं कापलेलं, की टोळसुद्धा उडी मारण्याआधी परवानगी मागत असावेत, असं लेमारला वाटलं. घराच्या खरेदीखतातच नियम होते. दाराचा रंग, कचऱ्याचे डबे, सगळं बांधलेलं. तक्रारीलाही नियम : रस्त्यावर किंवा आपल्या अंगणात उभं राहून दिसेल त्याचीच.

तिथे कोंबड्यांना बंदी असताना ओपल फेनिकबाईंनी तीन पाळल्या होत्या.

"आज संध्याकाळच्या सभेत त्यांना हाकलायचं ठरणार," ओपल म्हणाल्या. "मी नाही देणार! पण माझ्या कुंपणाआड डोकावलं कोण, ते शोधा."

लेमार जिचा मदतनीस होता ती गुप्तहेर मॅव्हिस ट्रॉट निनावी तक्रारीसोबतचा फोटो पाहत होती. मेमोरियल डे, म्हणजे युद्धात पडलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन, संध्याकाळचे साडेपाच. उंचावरून टिपलेल्या कोंबड्या, बादलीचा तळ आणि अंगणात एका लांब काठीची सावली, टोकाला बारीक चौकोन.

"ड्रोन!" लेमार म्हणाला.

"ड्रोनला काठी असते होय रे?"

पूर्वेकडची शेजारीण ट्वायला भडकली. "त्यांच्या कलकलाटानं झोप उडते माझी. पण मी तक्रार केली असती, तर सही ठोकून! आणि उंचावरून? खुर्चीवर चढले तरी घेरी येते मला."

पश्चिमेकडे वसाहतीचे अध्यक्ष, मेजर बर्डेट. अंगणात वीस फुटी झेंड्याचा खांब.

"मेमोरियल डेला झेंडा दुपारपर्यंत अर्ध्यावर, बाराला वर, मग सूर्यास्तापर्यंत हात लावायचा नाही," ते छाती काढून म्हणाले. "चाळीस वर्षांत चुकलो नाही, मॅडम. खांबावर झेंड्याशिवाय काही चढवायचं नाही, हा नियमही माझाच."

सभेला सगळी वसाहत लोटली. ओपल आल्या त्या काखेत कोंबडी घेऊनच.

मॅव्हिसनं फोटो उंच धरला. "साडेपाचला सूर्य पश्चिमेला. ओपलबाईंच्या पश्चिमेला उंच वस्तू एकच, मेजरांचा खांब. आता सांगा, मेमोरियल डेला साडेपाचला त्या खांबावर काय हवं?"

"झेंडा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मग सावलीत तो कुठंय? टोकाला नुसता चौकोन आहे. तो फोन. मेजर, तुम्ही झेंडा उतरवलात, त्याच दोरीला फोन बांधलात आणि वर चढवलात."

"दोनच मिनिटं उतरवला होता!" बर्डेट ओरडले, आणि जीभ चावली.

डोकावणं एक वेळ खपलं असतं. पण त्या दिवशी झेंडा उतरवला? पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या सैनिकांनी एकेक करत मेजरांकडे पाठ फिरवली.

"आणि खांबाच्या टोकावर कुणी उभं राहत नाही," मॅव्हिस म्हणाली. "तक्रारच बाद."

"पहाटे तेवढं गप्प ठेव गं त्यांना," ट्वायला पुटपुटली.

ओपल अध्यक्षांच्या टेबलाशी गेल्या. "तक्रारीचा कागद द्या, मेजर. झेंड्याच्या खांबावर फोन चढवल्याची. निनावी नाही हं, ही माझी सही." मग शिक्क्याची शाई पुढे ओढून त्या म्हणाल्या, "लेमार बाळा, हिला धर जरा."

सहीखाली कोंबडीचा निळा पाय स्वच्छ उमटला.

"साक्षीदार," ओपल म्हणाल्या.