रिकाम्या पिंजऱ्याचं वजन

जानेवारीत आमच्या बेटावर पाहुणे नसतात, तेव्हा आम्ही मांजरं धरतो. हसू येईल तुम्हाला, पण कामच तसं आहे. महिन्यातून एकदा जनावरांचे डॉक्टर पांतेलिस बोटीने येतात, शाळेच्या रिकाम्या वर्गात टेबल मांडतात. भटक्या मांजरांची नसबंदी करायची, ओळखीसाठी कानाचं टोक कापायचं, आणि जिथून आणलं तिथेच नेऊन सोडायचं. धरणं-सोडणं माझ्याकडे. नवरा बुडाला त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून हेच करते. हातांना काम असलं की पुरे.

त्या बुधवारी वरच्या वस्तीत गेले. तिथे शेवटची राहायची ती म्हातारी मरूसो, नाताळाआधी वारली. मागे तिने पोसलेली दहा मांजरं. परक्या माणसाच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी. अशांकडे बघायचं नसतं. पिंजऱ्यात तारली मासळी ठेवायची आणि पाठ करून बसायचं. शिवाय रानटी मांजर माणसासमोर कधी म्याव करत नाही. केलंच, तर फक्त खाऊ घालणाऱ्या ओळखीच्या माणसाजवळ.

दुपारचे तीन असतील. वारा पडला होता. ओल्या चुन्याचा वास येत होता. मागे एक म्याव ऐकू आलं. मग दुसरं... मग सगळीच.

वळून पाहिलं. मरूसोच्या कुलूपबंद दारासमोर दहाही मांजरं शेपट्या ताठ करून घोटाळत होती, अंग घासत होती. हवेला. माणसाचे पाय असावेत एवढ्याच जागेभोवती.

मला घाबरायला हवं होतं. मी परत पाठ केली आणि बसून राहिले.

थोड्या वेळाने ती आपणहून पिंजऱ्यांत शिरली. एकेक दार पडत गेलं. दहा. मग अकरावं, जादा आणलेल्या पिंजऱ्याचं. आतल्या पत्र्यावर भार पडला तरच ते दार पडतं. त्या पिंजऱ्यात कोणी नव्हतं. मी सगळ्यांवर चादरी टाकल्या, कारण अंधार झाला की ती शांत होतात, आणि पिंजरे तीनचाकीत चढवले. अकरावा चढवताना कमरेत कळ आली.

सकाळी डॉक्टर पिंजऱ्यासकट वजनं घेत होते. भुलीचं औषध वजनावर ठरतं.

"काकू, दहा म्हणाला होतात ना?"

"दहाच आहेत."

"मग हे कुठलं? पिंजरा वजा करून साडेचार किलो भरतंय."

त्यांनी चादर उचलली. पिंजरा रिकामा. काटा शून्यावर आणून पुन्हा पिंजरा ठेवला. साडेचार. मग एक बोका ठेवून पाहिला, तर त्याचं वजन बरोबर आलं.

"बिघडला असेल," मी म्हटलं.

"काटा नाही बिघडलेला..." त्यांनी चादर नीट पांघरली. "काकू, हासुद्धा परत नेऊन सोडा."

"काय सोडू, डॉक्टर?"

"मला नका विचारू. जिथून आणला तिथे सोडा, एवढंच."

शुक्रवारी मांजरं सावरली तशी वर घेऊन गेले. दारं उघडल्याबरोबर दहाही पळाली. दारासमोर एकही थांबलं नाही. अकराव्याचं दार उघडून मी रीतीप्रमाणे पाठ करून बसले. तासभर. कसलाच आवाज नाही. मग पिंजरा उचलला.

तेवढाच जड.

तो तिथे टाकून यायला हवा होता. हात सुटेना. घरी आणून चुलीजवळ ठेवला, दार उघडंच ठेवलं. आठवडाभर मी मसूर शिजवत होते, घरातच दोरीवर कपडे वाळत घालत होते, त्याच्या बाजूने ये-जा करत होते. रोज झाडताना उचलायचे, रोज तसाच जड.

काल सकाळी उचलला, तर हलका लागला.

थंडीमुळे दारंखिडक्या आठ दिवस बंदच आहेत. अजून उघडल्या नाहीत.