मुलांबाचा शेवटचा सेबेन

हे घडलेलं आहे. न्गालुलाने जसं सांगितलं तसंच. आणि न्गालुला अशी बाई आहे, जी मनगटावरचं घड्याळ पाहिल्याशिवाय किती वाजले तेही सांगत नाही.

ऑगस्ट १९८४, मंगळवार. किन्शासा, मातोंगे भागातला एक छोटा स्टुडिओ. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

रात्र नव्हती. बाहेर टॅक्सीवाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते.

न्गालुलाचं काम टेप कापायचं आणि जोडायचं. त्या दिवशी तिच्यासमोरच्या रिळावर तिच्या थोरल्या भावाचं, मुलांबाचं, गाणं होतं. त्यातली गिटार वाजवल्यावर एकोणीस दिवसांनी मुलांबा तापाने गेला. येत्या शनिवारी घरचा दुखवटा सुटायचा होता. अंगणात हे गाणं लावायचं, सगळ्यांनी नाचायचं, आणि मगच आई अंगावरचे काळे कपडे उतरवणार होती.

नाचायचं ते सेबेनवर. गाण्यातले शब्द संपतात, गायक मागे सरतो आणि गिटार सुसाट सुटते, तो शेवट म्हणजे सेबेन. तोवर लोक खुर्च्यांवर बसून असतात.

मुलांबाच्या सेबेनची एक खोड होती. तो शेवटचा ठोका कधीच वाजवायचा नाही. एक ठोका आधी थांबायचा. तो ठोका नाचणाऱ्यांच्या पायांनी पडायचा... शांततेत. घरी गेल्यावरही लोकांच्या पायांत तेवढाच उरायचा.

"तीन मिनिटांवर आवाज उतरव आणि संपव," पात्रों लुतेते म्हणाला. पात्रों म्हणजे मालक; स्टुडिओ त्याचाच. शेजारच्या खुर्चीत बसून तळलेला मासा खात होता.

"तिथेच तर सेबेन सुरू होतो, पात्रों."

"म्हणूनच सांगतोय. सेबेन रेकॉर्डच्या मागच्या बाजूवर जातो, आणि तिथे मला माझ्या भाच्याचं गाणं घालायचंय."

"मग कापलेली टेप मला द्या. शनिवारी लागणार आहे. त्याची ही एकच उरलीय."

"ती पुसून परत वापरायचीय. जिवंत होता तेव्हाही तुझा भाऊ थांबायचं नाव घ्यायचा नाही. आता मेला, तरी माझी टेप खातोच आहे."

न्गालुलाने ब्लेड टेबलावर आपटलं.

"लोक तुमच्या गायकाला तीन मिनिटं सोसतात ते या शेवटासाठी," ती म्हणाली. "तो कापल्यावर काय विकणार? भाचा?"

"सरक बाजूला."

त्याने तेलकट बोटं विजारीला पुसली, टेप चालू केली आणि सेबेन लागताच आवाजाचा फेडर स्वतःच खाली ओढला.

आवाज उतरला नाही.

फेडर तळाला. मीटरचा काटा शून्यावर. आणि गिटार... चालूच.

"तारा उलट्या जोडल्यास?"

"नाही."

त्याने यंत्र बंद केलं. रिळं थांबली.

गिटार थांबली नाही.

आता ती स्पीकरमधून येत नव्हती. काचेपलीकडच्या वादकांच्या खोलीतून येत होती. तिथे एक स्टूल होतं. एक माइक होता.

आणि... कोणी नव्हतं.

न्गालुलाने सवयीने स्टॉपवॉच सुरू केलं.

"कोणाला लपवलंयस आत? बघतोच त्याच्याकडे," म्हणत लुतेते तरातरा खोलीत गेला. जाड दार त्याच्यामागे लागलं.

काचेतून तो दिसत होता. त्याने स्टूल उलथलं, पडदा ओढला. तोंड हलत होतं, शिव्याच देत असणार. पण ऐकू येत होती फक्त गिटार.

मग त्याची उजवी टाच उचलली गेली...

मग डावी.

त्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कोणाचे होते. कंबर हलू लागली. साठीचा, सुटलेल्या पोटाचा माणूस. चेहरा आधी संतापलेला, मग घाबरलेला, मग नुसताच घामाने निथळणारा. पाय मात्र बरोबर ठोक्यावर पडत होते. एकही चुकत नव्हता.

त्याने काचेकडे पाहून गळ्यावरून आडवा हात फिरवला. स्टुडिओतली खूण. बंद कर.

न्गालुलाचा हात मुख्य बटणावर होता. ते दाबलं तर सगळं थांबेल, असं तिला आतून कळत होतं. कसं, ते तिला आजही सांगता येत नाही.

तिने बटण दाबलं नाही.

"आता ऐक," ती काचेला म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला अरे-तुरे केलं. "पुरता ऐक."

तो गुडघ्यांवर आला. तरी बुटांची टोकं फरशीवर ताल धरून होती. त्याने पुन्हा गळ्यावरून हात फिरवला. ती पाहत राहिली.

मग गिटार थांबली. एक ठोका आधी.

शांतता...

लुतेतेचा पाय फरशीवर धप्पकन आपटला.

अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

तो बाहेर आला तेव्हा त्याचे मोजे रक्ताने भिजले होते. त्याने रीळ काढून तिच्या हातात दिलं आणि भिंत धरून धरून निघून गेला. शनिवारी अंगणात अख्खा सेबेन वाजला. आई नाचली. काळे कपडे उतरले.

रविवारी न्गालुलाने सेबेनची टेप फुटपट्टीने मोजली. लांबी भागिले वेग. दोन मिनिटं पन्नास सेकंद.

तीनदा मोजली. तेवढीच.

ऐकणारे म्हणतात, भावाने सूड उगवला. न्गालुला नकारार्थी मान हलवते. कोणी दमलेला दिसला की मुलांबा हसून हात आवरता घ्यायचा, असं ती सांगते. त्याने कधी कोणाला गुडघ्यांवर आणलं नाही.

"यायाला एवढा राग यायचाच नाही," ती म्हणते. थोरल्या भावाला ती अजूनही यायाच म्हणते. "त्या दिवशी तिथे एवढ्या रागात एकच माणूस होतं."



आता राग आला, की ती आधी समोरच्याचे पाय बघते.