शेवाळाची रेघ

काद्रीने तंबूचा शेवटचा खुंटा ठोकला आणि चार पावलं मागे सरून पाहिलं. पिवळाधमक, इवलासा, थेट समुद्राकडे तोंड केलेला! एवढी सपाट, ओलसर वाळू मोकळी सोडून किनाऱ्यावरच्या या गाण्याच्या जत्रेला आलेले बाकीचे सगळे वर गवताजवळ दाटीवाटीने का बसलेत, हे काही तिला कळेना.

"तुम्हाला पोहता येतं ना?" मागून आवाज आला.

ती वळली. अनवाणी पाय, काखेत व्हायोलिनची पेटी, आणि ओठांत दाबून धरलेलं हसू...

"येतं. का?"

"आणि तुमच्या तंबूला?"

"समुद्र तिकडे आहे," काद्रीने लांबवर बोट दाखवलं.

"आत्ता तिकडे आहे. सहा वाजता इथे असेल... कमरेएवढा."

काद्री एस्टोनियाची, पार्नूची. तिथला समुद्र सकाळी जिथे असतो तिथेच संध्याकाळी असतो, शहाण्या बाळासारखा. हॅलिफॅक्सला येऊन वर्ष झालं होतं खरं, पण बेकरी ते खोली आणि खोली ते बेकरी एवढंच काय ते तिचं कॅनडा. भरती बघायला सवड होती कुणाला?

त्याने पायाच्या अंगठ्याने वाळलेल्या शेवाळाची लांबलचक रेघ दाखवली. "हिच्या वर माणसं, हिच्या खाली समुद्र. आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं."

"मग रांगणाऱ्या पोरालाच बोलवा ना मदतीला," ती फणकारली.

तो खळखळून हसला. त्याचं नाव रेमी. दोघांनी चार कोपरे धरून तंबू उचलला आणि वर नेला. जागा उरली होती ती नेमकी रेमीच्या आईच्या चुलीशेजारी.

सहा वाजता समुद्र खरंच आला. काद्रीच्या पाऊलखुणा एकेक करून पुसत, अगदी रेघेपर्यंत. समोर मंचावर गाणं चाललेलं, पायाशी फेस... तिच्या अंगावर शहारा आला.

"उद्या पाऊण तास उशिरा येईल," रेमी कानाशी पुटपुटला.

"कोण?"

"समुद्र. मी वेळेवर येतो."

शनिवारी सकाळी रेमीचे वडील हेरिंग मासे धरायला होडीकडे निघाले आणि डबा विसरले. ते हाकेच्या अंतरावर होते, तरी रेमी धावत सुटला, मोठा वळसा घालून त्यांच्या पुढ्यात गेला आणि मग डबा दिला.

"हाक मारायची ना सरळ!" काद्री म्हणाली.

"निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत आमच्यात. मारली तर तो परत येत नाही म्हणे."

दुपारी भुरभुर पाऊस लागला. ताडपत्रीखाली त्याच्या आईने किसलेल्या बटाट्यांची गरमागरम रापूर वाढली, वर काकवीची धार. रेमी वाजवत होता, आणि सूर लांबला की त्याची नजर हळूच तिच्यावर येऊन टेकत होती. तीही काही कमी नव्हती... तीन वेळा पकडली गेली.

"बेकरीच्या मालकीणबाई म्हणतात अजून वर्षभर राहा," ती एकदम म्हणाली. "उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय. नाहीतर गुरुवारी विमान."

त्याचा गज थांबला. "मग?"

"ब्रेडसाठी का थांबायचं रे? वर्षभरात एका माणसाने मला 'थांब' म्हटलं नाही."

रेमी उगीचच तार पिळत बसला.

रविवारी साडेसहाची बस होती. तंबू गुंडाळून काद्री त्याच्यासमोर उभी राहिली, जरा जास्तच वेळ.

"बरंय मग..."

"बरंय," तो म्हणाला. भित्रा कुठला!

ती निघाली. पावलं पुढे पडत होती, कान मात्र मागेच राहिले होते. एक हाक... एकच. नाहीच आली. डोळे भरून आले. बसच्या पायरीवर पाय ठेवताना तिने शेवटचं वळून पाहिलं. रेमी तिथेच होता, ओठ घट्ट मिटून, व्हायोलिनचा गज दोन्ही मुठींत आवळून. असा की जणू कुणी त्याला शपथ घातलीय.

आणि तिला तो डबा आठवला.

ती उतरली. त्याच्याकडे गेली नाही. सरळ शेवाळाच्या रेघेखाली गेली, तंबू उलगडला आणि खुंटे ठोकू लागली. पाणी घोट्याला लागलं होतं.

"वेड लागलंय का तुला?" रेमी पाणी उडवत धावत आला. "भरती आलीय!"

"मी कुठे निघालेय? मी तर मुक्कामाला आलेय." तिने मान वर केली नाही. "मुक्कामाला आलेल्याला हाक मारलेली चालते ना तुमच्यात?"

तो एक पाऊल पुढे आला.

"काद्री..."

"ऐकू नाही आलं. समुद्र फार बडबडतोय."

"काद्री!" त्याचा आवाज फुटला. "थांब. ब्रेडसाठी नको... माझ्यासाठी थांब. तू आवडतेस मला, पहिल्या खुंट्यापासून."

"एवढं बोलायला तीन दिवस लागले?" ती हसत होती आणि रडतही होती. "थांबते. मालकीणबाईंना कळवते... आधी हा धर, वाहून चाललाय!"

चार कोपरे धरून, चिंब भिजत, त्यांनी तंबू रेघेच्या वर आणला. रेमीच्या आईने काहीही न विचारता आपली चूल जराशी बाजूला सरकवली.