सेफ्रूला जायचं तर...

यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचता आलं असतं तर शेवट वेगळा केला असता.

मी लीया. आम्ही बेने इस्राएल, मूळचे ठाण्याचे, आता लंडनमधल्या हॅरोचे. डिसेंबरातला शुक्रवार होता. चारलाच अंधार पडलेला. मी कामावरून येऊन दाराशी बूट काढत होते आणि आई किचनमध्ये कोणाशी तरी बोलत होती.

"बरं... मग टॅक्सी कुठून घ्यायची?"

शांतता. समोरचा उत्तर देत असावा, तेवढीच.

"पुढच्या सीटवर दोघांना कोंबतात? अरे देवा."

मी आत गेले. किचनमध्ये आई एकटीच होती. तिचा फोन बाहेर सोफ्यावर पडलेला मी येतानाच पाहिला होता...

"कोणाशी बोलतेस?"

"सियोनशी," आई म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

सियोन माझा धाकटा भाऊ. मोरोक्कोत सेफ्रू नावाच्या गावात इंग्रजी शिकवायचा. माराकेश सगळ्यांना ठाऊक, सेफ्रू कोणाला? मार्चमध्ये तो तिथे झोपेतच गेला. आमच्यात मयत ठेवत नाहीत, दुसऱ्याच दिवशी त्याला पुरलं. आईचं हृदय नाजूक, डॉक्टरांनी तिला तेव्हा विमानात बसू दिलं नाही. तिला एकटी सोडून मीही गेले नाही. पोराचं तोंड दिसलं नाही, निदान वर्षाच्या आत त्याच्या कबरीवर हात ठेवायचा, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. शेवटी डॉक्टर कसेबसे हो म्हणाले आणि मी जानेवारीची दोन तिकिटं काढली.

म्हणून मला वाटलं, म्हातारीला वेध लागलेत. बोलू दे.

पण मग रोज संध्याकाळी नवी माहिती यायला लागली.

"फेझ विमानतळावर उतरलं की सेफ्रूला बस नको, शेअर टॅक्सी घ्यायची. पुढच्या दोन्ही जागा आपणच घ्यायच्या, म्हणजे अवघडायला होत नाही."

"थंडीत तिथली घरं गारठतात. हीटिंग नसतं. गरम पाण्याची पिशवी इथूनच न्यायची."

"शुक्रवारी दुपारी दुकानं बंद. भाजी आदल्या दिवशी आणून ठेवायची."

मी म्हटलं, "आई, हे सगळं इंटरनेटवर असतं." आईचं इंटरनेट म्हणजे व्हॉट्सअॅपवरची गुड मॉर्निंगची फुलं. तरी मी स्वतःची समजूत घातली.

"आणि त्याच्या खोलीची किल्ली उलटी फिरते. दार आधी आपल्याकडे ओढायचं, मगच उघडतं."

हे मात्र इंटरनेटवर असणं शक्य नव्हतं.

मी सेफ्रूला सियोनच्या घरमालकिणीच्या मुलीला, सलमाला, फोन केला. तिने त्याची खोली अजून तशीच ठेवली होती. मी किल्लीचं विचारलं.



"तुम्हाला कोणी सांगितलं? ते कुलूप तर आम्ही गेल्या महिन्यात बसवलं."

आईला मी काही बोलले नाही.

निघायच्या आधीच्या रविवारी आईने मलिदा केला. आमच्या घरी कोणी लांब निघालं की एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने करतात. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळं. प्रार्थना झाली की प्रवासाला जाणाऱ्याची वाटी आधी भरायची.

आईने एकच वाटी भरली. माझी.

"तुझी कुठे?"

"मला कशाला?"

तिला डायबेटिस. साखर टाळतेय, चला, उशिरा का होईना अक्कल आली, असं वाटून मी खूशच झाले.

"सियोन म्हणतो, संध्याकाळी जुन्या गल्ल्यांत एकटी शिरू नकोस. वाट सापडत नाही."

"एकटी कशी? तू असशील ना."

आईने भरलेली वाटी माझ्या हातात दिली.

"माझं पाठ झालंय सगळं," ती म्हणाली. "तू नीट ऐक."

मंगळवारी सकाळी मी चहा घेऊन तिच्या खोलीत गेले. आई झोपेतच गेली होती.

तिची भरलेली बॅग रिकामी होती. कपडे घड्या घालून कपाटात परत ठेवलेले. गरम पाण्याची पिशवी तेवढी माझ्या बॅगेत होती.

फेब्रुवारीत मी एकटीच सेफ्रूला गेले. टॅक्सीच्या पुढच्या दोन जागा घेतल्या. दार आपल्याकडे ओढलं, किल्ली उलटी फिरवली, उघडलं. सियोनच्या कबरीवर, आमच्या रीतीप्रमाणे, आईच्या नावाचा खडा ठेवला आणि पोटभर रडले.

परतताना सलमा म्हणाली, "तुमची भाषा ऐकायला गोड आहे. महिन्याभरापासून त्या खोलीतून ऐकू येते."

"कोण बोलतं?"

"दोघं... एक बाई आणि सियोन. हसतात पण."

आई पोचली होती. मला बरं वाटायला हवं होतं. पण मी त्याच खोलीत राहिले होते, रात्र रात्र कान लावून. माझ्यासमोर दोघांनी एक शब्द काढला नाही.

आता मी हॅरोच्या घरात एकटी असते. परवा बॉयलर बंद पडला. तो आईलाच कळायचा. मी किचनमध्ये उभी राहून मोठ्याने विचारलं, "आई, कुठलं बटण दाबायचं गं?"

उत्तर यायला लागेल तेवढा वेळ थांबले.

मग अजून थोडा वेळ थांबले.

घर गारच होतं. मी कोट घालून झोपले.