वासाचा फ्लास्क

"मॅडम, फ्लास्क गेला," सोमशेखर दारातूनच म्हणाला.

दानेश्वरी मॅडम कॉलेजातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागप्रमुख, सोमशेखर त्यांचा विद्यार्थी. त्या प्रयोगशाळेत आल्या. सोमवारची सकाळ, फ्लास्क उबेत हलवत ठेवणारा इन्क्युबेटर रिकामाच हलत होता. परदेशातून टपालाने आलेले जनुकांचे सुटे भाग एकाला एक जोडून सोमशेखरने वर्षभर खपून जिवाणू घडवले होते. ते वाढले की सांधेदुखीच्या बामासारखा वास यायचा. शनिवारी प्रयोग बघायला परीक्षक येणार होते, आणि फ्रीजरमधला साठा आधीच बिघडलेला. २००७ सालच्या कोल्हापुरात असे जिवाणू पुन्हा आणणार कुठून?

"संशय कुणावर?"

"वर्गातल्या रुद्रेशवर. त्याचा प्रयोग फसल्यापासून जळतोय माझ्यावर."

मॅडमनी कपाट उघडलं. जिवाणूंना खायला घालायच्या द्रवाच्या दोन बाटल्या कमी होत्या.

तेवढ्यात शिपाई आकाराम खांद्यावर गॅसची टाकी घेऊन दोन जिने चढून आला. वर्षापूर्वी त्याची बायको वारली होती.

"मामा, शनिवार-रविवारी चावी कुणाकडं होती?"

"माझ्याकडंच की."

"रुद्रेश आलता?"

"न्हाय. त्ये पोरगं शुक्रवारीच गावाला गेलतं."

टाकी ठेवायला तो वाकला, तेव्हा त्याच्या शर्टाला बामाचा वास आला.

"गुडघे दुखतात का?"

"छ्या. मला काय धाड भरलीया?"

संध्याकाळी मॅडम सोमशेखरला घेऊन हातकणंगल्याला आकारामच्या घरी गेल्या.

"मामा, जळणाऱ्यानं फ्लास्क मोरीत ओतला असता," त्या म्हणाल्या. "चोरानं सोबत खाऊ नेला, म्हणजे त्याला जिवाणू जगवायचे होते. चावी तुमच्याकडं. अंगाला बामाचा वास, आणि दुखणं तर काहीच नाही."

आकारामने बोट दाखवलं. चुलीपाशी उबेला, टॉवेलात गुंडाळलेला फ्लास्क होता.

"बाम दुकानात मिळतो की मामा," सोमशेखर म्हणाला.

"मिळतो. पर त्यो मलाच लावाय लागतो." आकाराम खाली बघत होता. "हिचं गुडघं दुखायचं. दार उघडलं की ह्योच वास. ती गेली आन् घराला वासच राहिला न्हाय. आता भायनं आलो की वास आधीच घरात असतोय. कुणीतरी हाय असं वाटतंय."

मॅडमना फार वाईट वाटलं. पण नियम होता: असे जिवाणू प्रयोगशाळेबाहेर जिवंत ठेवायचे नाहीत, मारूनच टाकायचे. प्रयोगशाळेत नेऊन पुन्हा वाढवायला सोमशेखरने काडीभर नमुना बंद नळीत घेतला. त्याचा शनिवार वाचला. मॅडमनी पिशवीतून ब्लीचची बाटली काढली.

"मी ओतू का?"

"नगं, मीच ओततो." त्याने बाटली घेतली. "एवढा च्या हुस्तोवर राहू द्या."

मॅडम जमिनीवर बसल्या. चहा झाला, निवलासुद्धा. कुणीच कप उचलला नाही.